दोन महिन्यांची मुदत

शुक्रवार, ११ नोव्हेंबर १४३५. संत मार्टिनचा सण.

वेरेना गेली.

सकाळच्या दुसऱ्या घंटेला तिचा भाऊ हाइनी बैलगाडी घेऊन आला. गाडीत चढवलेल्या वस्तू: पेटी एक, चरखा एक, पिसांची उशी एक, लोखंडी तवा एक. तवा घराचा होता. ती म्हणाली, "हा नेते." मी होकार दिला.

मुदत २९ तारखेपर्यंत होती. बासेलच्या महापरिषदेचा ठराव आमच्या कॅथेड्रलात संत मिखाएलच्या दिवशी, २९ सप्टेंबरला, वाचून दाखवण्यात आला. कोणत्याही धर्मसेवकाने घरात बाई ठेवली असल्यास, ठराव समजल्यापासून दोन महिन्यांच्या आत तिला दूर करावे. न केल्यास उत्पन्न जाईल, पुढे पदही जाईल. वाइडेनाख प्रांतासाठी त्या ठरावाची नक्कल मीच केली. बिशपच्या कचेरीचा नोटरी दुसरे काय करणार? मूळ प्रतीशी दोनदा ताडून पाहिली. चूक नव्हती. 'मला समजले नाही' असे म्हणण्याची सोय या शहरात माझ्याइतकी कमी कुणालाच नाही!

आजचा दिवस मी निवडला. मार्टिनच्या सणाला सगळे गडी आणि मोलकरणी मालक बदलतात. रस्ताभर गाड्याच गाड्या असतात. त्यात आणखी एक कुणाच्या डोळ्यांवर आली नसती, आणि आलीही नाही. अठरा दिवस आधीच मी ठरावाची पूर्तता केली.

वाटले होते, रडेल. निदान भांडेल. एकोणीस वर्षे! उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "कांदे जिन्याखाली आहेत. पुढच्या ओळीतले आधी संपवा."

मूल झाले नाही. ठरावाच्या दृष्टीने बरेच झाले. — हे वाक्य लिहिल्यावर खोडावेसे वाटले. नोटरी खोडत नाही. राहू दे.

सोमवार, १४ नोव्हेंबर.

मीठ कुठे ठेवलेले असते, हे मला ठाऊक नाही.

रविवार, २० नोव्हेंबर.

योस्ट आला होता. संत कॅथरिनच्या वेदीला दान मिळालेल्या जमिनींचे उत्पन्न माझ्या नावावर आहे, हे घरही त्या वेदीचेच. पण वेदीवर मिस्साची प्रार्थना म्हणतो तो योस्ट. मी म्हणू शकत नाही. माझ्या माथ्यावर मुंडण आहे, दीक्षा नाही. दरसाल बिशपकडून सवलतपत्र घेतो आणि दीक्षा एक वर्ष पुढे ढकलतो. बावीस वर्षे हे चालले आहे. योस्टला त्याची मजा वाटते. त्याला सगळ्याचीच मजा वाटते.

आल्या आल्या पातेल्यात डोकावला. "लीनहार्ट, हे सूप आहे की भिंतीला लावायचा चुना?"

मी म्हणालो, "बाजरी आहे."

"बाजरीनं काय पाप केलं होतं रे?"

मग बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. "तू खरंच घालवलीस तिला."

"ठराव आहे."

"अरे, ठराव मलाही आहे! ठरावात काय म्हटलंय? बाई ठेवू नये. मावशीला कोण ठेवतं? मावशी असतेच. जन्मापासून असते. आमची बेर्बेल परवापासून माझी मावशी आहे."

बेर्बेल त्याच्याहून सात वर्षांनी लहान आहे. मी तसे दाखवून दिले. योस्ट म्हणाला, "तेही तिला सांगितलं. ती म्हणाली, मावशी म्हण, आजी म्हण, पण कुणी वय विचारलं तर पळी डोक्यात घालीन."

मी हसलो नाही. जाताना तो दारात थांबला. "तुझी वाचायची सवयच वाईट. माणसं ठराव ऐकतात. तू वाचतोस."

मंगळवार, २९ नोव्हेंबर.

मुदत संपली. सकाळपासून कचेरीत प्रतिज्ञा. बिशपचे न्यायाधिकारी डॉक्टर गेब्विलर खुर्चीवर, मी मेजाशी. शहरातले आणि आसपासचे एकतीस धर्मसेवक येऊन गेले. त्यांच्या घरांत, त्यांनी शपथेवर सांगितल्याप्रमाणे, आजमितीस राहतात: मावश्या नऊ, आत्या तीन, चुलत बहिणी अकरा, साठी उलटलेल्या स्वयंपाकिणी सात. साठी उलटलेल्यांपैकी एक बाहेर ओसरीत पाळणा हलवत बसली होती!

मी प्रत्येक शब्द लिहिला. नोटरी जे ऐकतो ते लिहितो. खरे आहे की नाही, हे त्याला कुणी विचारत नाही.

आजवर कचेरी बाई ठेवण्याबद्दल प्रत्येकाकडून वर्षाला एक गुल्डन घेत असे. ठरावाने ती वसुली निषिद्ध केली आहे. म्हणून आजपासून प्रतिज्ञालेखाचे शुल्क सुरू झाले. एक गुल्डन.

एकतिसावा मी. माझे निवेदन मीच लिहिले: घरात कोणीही नाही.

डॉक्टर गेब्विलर वाकून वाचायला लागले. "कोणीही नाही म्हणजे? वेरेना कुठंय?"

"तिच्या भावाकडे. ओबरटानला."

"म्हणजे चार दिवसांसाठी..."

"नाही, डॉक्टरसाहेब. ठरावाप्रमाणे."

ते पुन्हा खुर्चीत टेकले. वाईट माणूस नाही. मग हळूच म्हणाले, "केस्लर, अहो, हे असं कुणी करत नाही."

शुल्क माझ्याकडूनही घेतले.

शुक्रवार, ९ डिसेंबर.

बाजारात हाइनी भेटला. पिंपे विकायला आला होता. तो पिंपे बनवतो, आणि बोलतो असा की प्रत्येक शब्दाला जणू लाकूड तासावे लागते.

"कशी आहे?"

"बरी."

"काय करते?"

"शेळ्या बघते."

"काही निरोप?"

"नाही." तो एक पिंप उतरवून आला. "हां. म्हणाली, शेगडीची नळी मार्टिनच्या आधी झाडायची राहिली. झाडून घ्या म्हणावं. नाहीतर झोपेत गुदमरून जातील."

घरी येऊन नळी पाहिली. काजळीने निम्मी बुजली होती. झाडायला माणूस बोलावता आला असता. मीच झाडली. कोपरापर्यंत काळा झालो, आणि 'अहो, बाही तरी वर करा' असे म्हणायला कुणी नव्हते. बाजारात, लोकांसमोर, ती मला 'धनी' म्हणे. घरात फक्त 'अहो'. माझे नाव तिने एकोणीस वर्षांत एकदाही उच्चारले नाही.

मी तिचे कितीदा उच्चारले? 'वेरेना, शाई गोठली आहे.' 'वेरेना, दार.' मोजण्यासारखे नाही.

शनिवार, २४ डिसेंबर.

सुक्या नासपतींची पोळी बेकरकडून आणली. लवंग जास्त. अर्धी खिडकीत ठेवली आहे. का ठेवली, हे सांगता येणार नाही. ती अर्धी ठेवत असे — पाखरांसाठी, असे मला वाटते. विचारले नव्हते.

शुक्रवार, १३ जानेवारी १४३६.

डॉक्टर गेब्विलरनी बोलावले. प्रसन्न दिसत होते, म्हणजे काहीतरी अप्रिय होते.

"केस्लर, बासेलचे लोक आता वेद्यांच्या मागे लागलेत. उत्पन्न एकाचं, मिस्सा दुसऱ्याचा, हे चालणार नाही म्हणतात. तुमची सवलत संपली. उपवासकाळातल्या दीक्षेच्या शनिवारी, ३ मार्चला, पहिली मोठी दीक्षा घ्या. वेदी तुमची, घर तुमचं, कचेरी तुमची. नाहीतर..." त्यांनी हात उलटा केला.

मी त्या उलट्या हाताकडे पाहत राहिलो.

"आता अडचण तरी काय आहे? बाई तर तुम्ही स्वतःच घालवलीत. उलट, सगळ्या प्रांतात हात स्वच्छ असलेले तुम्ही एकटे. बिशप फार खूश आहेत."

मी म्हणालो, "ठीक आहे."

तर्काने पाहता ठीकच आहे. पहिल्या मोठ्या दीक्षेनंतर माणूस जन्मभर विवाह करू शकत नाही. मला विवाह करायचा नाही. चोपन्न वर्षांचा आहे. घर आहे, वेदी आहे.

घरी येऊन सवलतपत्रांची पेटी उघडली. बावीस पत्रे. सगळ्यांचा मसुदा माझ्याच अक्षरात. प्रत्येकात दीक्षा पुढे ढकलण्याचे कारण: 'अर्जदाराचा अभ्यास अद्याप चालू आहे.'

कसला अभ्यास? हायडेलबर्गहून परत येऊन अठ्ठावीस वर्षे झाली. त्यानंतर मी एकही पुस्तक सलग वाचलेले नाही. बावीस वेळा असत्य लिहिले, बावीस वेळा शिक्का मारून घेतला, आणि त्याकडे कधी लक्षही गेले नाही. — माझे! मूळ प्रतीशी दोनदा ताडणाऱ्याचे!

बुधवार, २५ जानेवारी.

कचेरीत शेजारच्या प्रांतातून एक दस्त तपासणीला आला. मजकूर नीट. सहीचा परिच्छेद मात्र असा: 'मी, अमुक प्रांताचा विवाहित मुंडित सेवक, बादशाही अधिकारपत्राने नेमलेला नोटरी, सर्व प्रसंगी समक्ष हजर होतो, पाहिले, ऐकले, म्हणून माझे चिन्ह केले.'

'विवाहित' या शब्दाखाली मी लाल रेघ मारली. समासात लिहिले: चूक. मुंडित सेवक विवाहित कसा?

अर्ध्या घटकेने रेघेकडे पुन्हा पाहिले, आणि कान तापले. ज्याने फक्त मुंडण केले आहे, मोठी दीक्षा घेतलेली नाही, तो एकदा विधिवत विवाह करू शकतो. वेदीचे उत्पन्न सोडावे लागते, नोटरीचा अधिकार जात नाही. त्याच्या सहीत 'विवाहित' हा शब्द यायलाच हवा. नोटरीच्या पहिल्या वर्षी शिकवतात. मी स्वतः दोघा उमेदवारांना शिकवले आहे!

लाल रेघ चाकूने खरवडली. चर्मपत्रावर डाग राहिलाच.

गेली बावीस वर्षे मी 'मुंडित सेवक' अशी सही करतो. त्या दोन शब्दांआधी किती जागा मोकळी आहे, हे आज पाहिले.

गुरुवार, २ फेब्रुवारी. मेणबत्त्यांचा सण.

ओबरटानला जाऊन आलो. पायी, बर्फातून, जाऊन-येऊन सात तास. कुणाला सांगितले नाही.

वेरेना गोठ्यात होती. मला पाहून उठली नाही. शेळीची धार चालू होती. "अहो, बुटांत बर्फ गेलाय. काढा, नाहीतर खोकत बसाल."

मी बूट काढले. गवतावर बसलो. ३ मार्चच्या दीक्षेचे सांगितले.

ती म्हणाली, "म्हणजे आता घेणार."

"हो."

"इतकी वर्षं नाही घेतलीत."

"सवलत होती."

तिने भांडे बाजूला ठेवले. "दरवर्षी ते पत्र लिहायचात ना, कॅथरिनच्या सणाच्या आठवड्यात. मी दिवा धरायची. मला वाचता येत नाही, पण कशाचं पत्र ते ठाऊक होतं. मला वाटायचं... हसू नका. मला वाटायचं, ते माझ्यासाठी लिहिताय. अजून एक वर्ष मोकळं राहायचं म्हणून. उद्या ना परवा विचारतील म्हणून."

मी हसलो नाही. 

"आणि मग तो ठराव आला," ती म्हणाली. "मी म्हटलं, बरं झालं! आता तरी विचारतील. दोन महिने दिलेत त्यांनी. विचार करायला पुरे. तुम्ही अठरा दिवस शिल्लक ठेवून गाडी बोलावलीत."

"ठरावात दूर करा असे होते. दुसरा काही पर्याय लिहिलेला नव्हता."

"लिहिलेला नव्हता," ती म्हणाली. मग भांडे पुन्हा पुढे ओढले. शेळीला म्हणाली, "सरक ग बाई, तुला तरी कळतं का बघ."

निघताना मी विचारले, परत येशील का. कसे विचारले, तेही लिहून ठेवतो: 'घराची फार आबाळ होते आहे.' असे विचारले.

ती म्हणाली, "स्वयंपाकीण म्हणून नाही येणार. मावशी म्हणून तर नाहीच नाही."

ज्यासाठी सात तास चाललो ते वाक्य तोंडातून निघाले नाही. कागद असता तर निघाले असते.

बुधवार, २२ फेब्रुवारी. राखेचा बुधवार.

माथ्यावर राख. 'तू माती आहेस, मातीला मिळशील.' हे वाक्य एकवचनी आहे. प्रथमच लक्षात आले.

शुक्रवार, २ मार्च.

उद्याच्या विधीची तालीम झाली. उमेदवार सहा. पाच पोरसवदा, मी सहावा. मला पाहून त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "यांच्या आजोबांची दीक्षा राहिली असेल, ती घ्यायला आलेत." हळू बोलला, पण कॅथेड्रलात सगळे ऐकू येते.

विधी मी शेकडो वेळा नोंदवला आहे. त्यात उभा आजच राहिलो. बिशप सांगतात: अजून तुम्ही मोकळे आहात, हवे तर संसारात जाऊ शकता, हे ओझे एकदा घेतले की टाकता येणार नाही. म्हणून पुन्हा पुन्हा विचार करा. आणि ठरले असेल, तर पुढे या.

उमेदवार एक पाऊल पुढे टाकतात. सही नाही, शपथ नाही, शिक्का नाही. एक पाऊल — एवढ्याने जन्म बांधला जातो. नोटरी म्हणून मला हे नेहमीच ढिसाळ वाटत आले आहे.

योस्ट म्हणाला, "बुटांना मेण लाव. फरशी निसरडी आहे. त्या क्षणी पडलास तर दीक्षा अर्धीच लागेल."

शनिवार, ३ मार्च.

बिशप म्हणाले, पुढे या.

पाच जण पुढे गेले.

मी पाहत होतो की माझा उजवा पाय उचलला जातो का. उचलला गेला नाही. बिशप थांबले. गायक थांबले. डॉक्टर गेब्विलर खांबामागून कुजबुजले, "केस्लर! पाय झोपला काय?"

मी म्हणालो, "नाही. ऐकतो आहे."

एवढेच झाले. मग मी बाजूच्या दाराने बाहेर आलो. पायऱ्यांवर ऊन होते.

सोमवार, ५ मार्च.

वेदीची आणि घराची किल्ली परत केली. कचेरीतले मेज रिकामे केले. डॉक्टरांनी दार लावून घेतले. ते खरोखर हळहळले होते. "अहो, बाईच हवी होती तर मावशी म्हणायचं होतंत! एका शब्दानं काम झालं असतं. चोपन्नाव्या वर्षी असा अट्टहास कशासाठी?"

"तो शब्द खरा नव्हता, डॉक्टरसाहेब."

"आणि हा खरा आहे?"

 'हा' म्हणजे कोणता शब्द, तेच मला अजून माहीत नव्हते.

सोमवार, १९ मार्च.

खोगीर बनवणाऱ्याच्या माडीवर खोली घेतली आहे. चामड्याचा वास. बाजारातल्या कमानीखाली एक मेज, वर फळी: नोटरी. आठवडाभरात दोन गिऱ्हाइके. कचेरीतले ओळखीचे लोक रस्त्याच्या त्या बाजूने जातात. योस्ट या बाजूने जातो, पण घाईत असतो.

दहा दिवसांपूर्वी हाइनीबरोबर निरोप पाठवला. तिला वाचता येत नाही, म्हणून तोंडी. तीन वाक्ये त्याच्याकडून पाठ करून घेतली. मी आता मोकळा आहे, घर आणि वेदी सोडली आहे, तिची इच्छा असल्यास विवाह करावा असा माझा मानस आहे.

उत्तर नाही.

शुक्रवार, २३ मार्च.

हाइनी आला. पिंप ठेवले. घाम पुसला.

"सांगितलंस?"

"सांगितलं. तिन्ही."

"मग?"

"पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही." तो डोके खाजवू लागला. "काल म्हणाली, असलं काही विचारायला माणूस पाठवतात का? मीठ मागवायचंय का?"

शनिवार, २४ मार्च.

उद्या ओबरटानला जातो. कागद बरोबर नेणार नाही.

मंगळवार, १७ एप्रिल.

आज कमानीखाली दोघा भावांच्या विहिरीची वाटणी लिहिली. दस्ताच्या शेवटी नेहमीप्रमाणे सही:

'मी, लीनहार्ट केस्लर, वाइडेनाख प्रांताचा विवाहित मुंडित सेवक, बादशाही अधिकारपत्राने नेमलेला नोटरी, सर्व प्रसंगी समक्ष हजर होतो, पाहिले, ऐकले, म्हणून माझे चिन्ह केले.'

एक शब्द कालपासून वाढला आहे. दोनदा ताडून पाहिला. चूक नाही.